एक खातं, तेरा कंत्राटदार

माझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण एका पानाचं आहे आणि त्यावर माझं नाव नाही. तो आईचा बायोडेटा आहे. तो लिहिला तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आपल्याला लिहिता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर, आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या गुलाबी-पिवळ्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवले. पप्पांचा नियम असा होता की गेटपासून सायकल स्टँडपर्यंत चालता चालता पत्रक वाचून झालं पाहिजे, आणि त्यातली प्रत्येक ओळ गेटवरच्या कुठल्याही माणसाला तपासता आली पाहिजे. कॉलेजातल्या फीवाढीवर मी पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा त्यातली सगळी विशेषणं त्यांनी पेनानं खोडली. तो राग मला वर्षभर पुरला.

आई अंबडच्या कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बांधायची. उभ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात. त्यांच्यामधून रंगीत वायरी नकाशाप्रमाणे ओढायच्या, टोकांना टर्मिनल बसवायची, वरून टेप गुंडाळायची. बारा वर्षं ती एकाच खात्यात होती, पण कागदावर ती त्या कंपनीत कधीच नव्हती. बायका पुरवणारा कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी बदलायचा, निदान त्याच्या फर्मचं नाव तरी बदलायचं. मध्ये आठ-दहा दिवसांचा ब्रेक, आणि मग त्याच फळीसमोर तिची नव्यानं भरती. कुणाला पर्मनंट करायची वेळ येऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था. शेवटी कंपनीनं ती लाइनच दुसऱ्या जिल्ह्यात हलवली आणि आई घरी बसली.

दोन महिन्यांनी सिन्नरच्या बाजूच्या एका नव्या कारखान्याची जाहिरात आली. हार्नेसच्या लाइनवर मुलींना शिकवायला ट्रेनर हवी होती. कंपनीच्या रोलवर, म्हणजे मध्ये कंत्राटदार नाही. अट होती सलग पाच वर्षांच्या अनुभवाची, आणि बायोडेटा आणायचा होता.

"ही मला पाहिजे," आई मटार सोलता सोलता म्हणाली. आई अमुक पाहिजे असं सहसा म्हणत नाही. त्यामुळे पप्पांनी पेपर खाली ठेवला.

चौकातल्या सायबर कॅफेवाल्याकडे बायोडेटाचा तयार साचा होता. त्यात वरच 'आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे' असं ध्येय छापलेलं होतं. आईनं ते दोनदा वाचलं आणि मला हळूच विचारलं, "हे कोणाचं ध्येय आहे?"

कॅफेवाल्यानं अनुभव विचारला. आईनं पिशवीतून गेटपास काढून काउंटरवर मांडले. तेरा गेटपास, तेरा फर्मची नावं, आणि सगळ्यांवर आईचा तोच एक फोटो.

"काकू, तेरा नोकऱ्या?" तो हसला. "साहेब म्हणतील, ही बाई कुठं टिकतच नाही."

"मग काय करू?"

"शेवटची एक टाका."

"ती अकरा महिन्यांची. त्यांना पाच वर्षं पाहिजेत."

"मग सरळ लिहा, कंपनीत बारा वर्षं. कोण बघतंय?"

"आणि त्यांनी कंपनीला फोन केला तर? कंपनी म्हणेल, ही कोण बाई, आम्ही ओळखत नाय."

आईनं गेटपास गोळा केले. मी तिथेच जाहीर करून टाकलं की बायोडेटा मी लिहिणार.

रविवारी सकाळी मी दीड पान लिहून काढलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. सुरुवात बारा वर्षांच्या पिळवणुकीनं होती. कंत्राटदारांचा बुरखा दुसऱ्या परिच्छेदात फाटत होता. शेवटी मी सर्व कष्टकरी भगिनींच्या वतीनं सन्मानाची मागणी केली होती.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. "मला नोकरी मागायचीय का मोर्चा काढायचाय?"

पप्पांना चहाचा ठसका लागला. "चांगलं झालंय गं," डोळे पुसत ते म्हणाले, "पण यात तुझी आई कुठंय?"

मला हे फार लागलं. कारण ते खरं होतं. दीड पानात कंत्राटदार होते, मालक होते, मी तर भरपूर होते. फळीसमोर उभी असलेली बाई कुठंच नव्हती. मी नवीन कागद घेतला आणि म्हटलं, "तू सांग. तिथं नक्की काय करायचीस?"

"काय म्हणजे? हार्नेस बांधायचे."

"ते तर सगळ्याच बांधायच्या."

मग ती बोलू लागली, आणि आपल्या घरात राहणाऱ्या या बाईचं काम मी पहिल्यांदा ऐकलं. नवीन मुलगी फळीवर एकटी उभी राहायला महिना लागायचा. आईच्या हाताखाली दिली की पंधरा दिवसांत राहायची. लाइनवर गाडीचं नवीन मॉडेल आलं की पहिला नग आईकडून बांधून घेत, आणि इंजिनियर तिच्या शेजारी वही घेऊन उभे राहत. नीट न दाबलेलं टर्मिनल तिला बोटाला कळायचं, यंत्रावर तपासायच्या आधी.

"हे कोण सांगेल?" मी विचारलं.

"आमचा सुपरवायझर. त्याचा नंबर आहे ना माझ्याकडं. लिही खाली."

मी प्रत्येक कामाची एक ओळ केली. शेवटी सवयीनं लिहिलं: मेहनती व प्रामाणिक.

"मेहनती काढ," आई म्हणाली. "उभं राहून काय काय काम केलं ते लिहिलंय ना वर? आणि प्रामाणिक पण काढ. चोर पण तेच लिहितो."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोडलं. तिच्यावर मात्र राग आला नाही.

राहिला तो तेरा गेटपासांचा प्रश्न. मी लिहिलं: 'बारा वर्षं एकाच खात्यात, एकाच कामावर. या काळात कंत्राटदार तेरा. सर्व गेटपासांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.'

हसणारे पप्पा गंभीर झाले. "ही ओळ नको. त्यांना वाटेल, बाई हिशेब ठेवणारी आहे, उद्या केस करेल."

"पप्पा, तुम्ही म्हणताय हे?"

"मी गेटवर लिहितो तेव्हा माझी नोकरी पक्की असते," ते म्हणाले. "हिची नाही."

इतकी वर्षं पत्रकं लिहून त्यांनी हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि ओळ बोट ठेवून वाचली. "राहू द्या. ही काढली तर बारा वर्षं मी कुठं होते, ते कोण सांगणार?"

सिन्नरच्या मुलाखतीला मी सोबत गेले. ऑफिसला अर्धी काच होती, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. साहेब तरुण होते.

"तेरा कंत्राटदार. हे मुद्दाम लिहिलंत?"

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"जुन्या कंपनीवर केस वगैरे?"

"नाय साहेब. केस असती तर तीही लिहिली असती."

त्यांनी तिला आत फळीवर नेलं आणि एक तयार हार्नेस हातात दिला. परत आले तेव्हा साहेबांचा सूर बदलला होता. हार्नेसमध्ये त्यांनी मुद्दाम दोन चुका ठेवल्या होत्या. आईनं तीन काढल्या होत्या.

"मावशी, काम तुमचं एक नंबर," ते म्हणाले. "सोमवारपासून या. फक्त सुरुवातीला कंत्राटदाराकडून घेऊ. वर्षभरानं रोलवर."

"जाहिरातीत रोल लिहिलंय."

"सगळ्यांना असंच घेतो आम्ही."

आईनं कागदासाठी हात पुढे केला. मग म्हणाली, "साहेब, 'वर्षभरानं' हे मी बारा वर्षं ऐकलं. तो कागद परत द्या. अजून दोन ठिकाणी द्यायचाय."

"एवढा ताठा बरा नाही, मावशी."

"ताठा कसला? तुम्ही लिहिलं, मी वाचून आले."

तिनं कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि बाहेर आली.

इथं मला एक कबूल करायला हवं. तत्त्वांवर तासभर बोलू शकणाऱ्या मला त्या क्षणी वाटलं की आईनं हो म्हणायला हवं होतं. बसमध्ये मी तसं बोललेही. "घेतली असतीस तर निदान सुरू तरी झालं असतं."

"मग कागदावर चौदा लिहावं लागलं असतं," ती म्हणाली. "मला नाय लिहायचं चौदा."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला लाज वाटत होती, आणि शेजारी बसलेल्या बाईचा इतका अभिमान वाटत होता की बसमधल्या प्रत्येकाला हलवून सांगावं, ही माझी आई.

दुसऱ्या ठिकाणाहून काहीच आलं नाही. तिसरं ठिकाण ओझरच्या रस्त्यावरचं, यंत्रांच्या वायरिंगचं छोटं युनिट. तिथल्या मालकानं कागद स्वतः वाचला, सुपरवायझरला फोन लावला आणि आईला बोलावलं. ट्रेनरची जागा नव्हती, लाइनवर उभं राहायचं होतं, पण पहिल्या दिवसापासून रोलवर. तीन महिने प्रोबेशन, मग कायम. आई हो म्हणाली.

नेमणुकीचं पत्र घ्यायला आम्ही दोघी गेलो. मी भराभर वाचून पेन पुढे केलं. आईनं पेन घेतलं नाही. ती ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचत होती, आणि मध्येच तिचं बोट थांबलं.

"इथं सहा महिने लिहिलंय. आपलं तीन ठरलं होतं."

"अहो, टाइप करताना राहिलं असेल," मालक म्हणाले. "तुम्ही सही करा, मी बघतो."

"तुम्ही बघा, मग मी करते."

मालकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पत्र घेतलं आणि आत गेले. आई खुर्चीत टेकून बसली. तिला घाई नव्हती. बऱ्याच वेळानं नवीन पत्र आलं. ते तिनं परत पहिल्या ओळीपासून वाचलं, आणि मग माझ्याकडे पेन मागितलं.