वाणातले कचऱ्याचे डबे

पाहणीला आलेल्या वॉर्डच्या साहेबांनी सावंतकाकूंच्या किचनमधल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याचं झाकण उघडलं. आत तांदूळ. आंबेमोहर असावा, वास थेट मुलुंड चेकनाक्यापर्यंत गेला.

मी तेव्हा फेलो होते. म्हणजे कॉलेज संपल्यावर वर्षभर पूर्णवेळ समाजसेवा. मानधन किरकोळ, लोकांची बोलणी फुकट. वर्ष संपत आलं होतं आणि वॉर्ड ऑफिसात कंत्राटी जागा निघाली होती. साहेबांची अट एकच: या सोसायटीत सेग्रिगेशन करून दाखव. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सोसायटी अशी हट्टी, की तिचा कचरा बघून कांजूरमार्गच्या डम्पिंगवरचे कावळे व्हीआरएस घेऊन गेले.

पत्रकं वाटली, मीटिंगा घेतल्या. ऐकायला फक्त वॉचमन, तोही झोपलेला. मग संक्रांत आली आणि माझी ट्यूब पेटली. हळदीकुंकवाचं वाण कोण नाकारतं? फेलोशिपच्या संस्थेकडून डबे मिळवले आणि प्रत्येकीला जोडी दिली. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. बायकांची रांग गच्चीपासून स्टेशनपर्यंत!

आणि आता हे तांदूळ.

"निळ्यात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुळथाचा पीठ," काकू म्हणाल्या.

"काकू, कचऱ्याचा डबा आहे ना तो!" मी कळवळले.

"गो बाय, वाणाच्या डब्यात कचरो कोण टाकता? लक्ष्मी रागावतली!"

साहेब माझ्याकडे वळले. "झकास, मॅडम. आता रेशनचं दुकानच काढू या."

माझी नोकरी जिना उतरून चाललेली मला स्पष्ट दिसली. तिला अडवायला म्हणून तोंडाला आलं ते विचारलं, "मग तांदळाचा जुना डबा कुठंय?"

"पत्र्याचो? गंजलो. टाकूचोच आसा."

"आणि पिठाचा?"

"तेचा झाकण हरवला."

"मग वाण राहू दे मानानं. कचरा जुन्या डब्यांत टाका ना!"

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मगे ह्या आधी सांगूक काय झाला होता तुका?"

त्या एका संध्याकाळात काकूंनी सगळे मजले पालथे घातले. प्रत्येक घरात दोन म्हातारे डबे रिकामे झालेच होते. गंजके, चेपके, एकीचा तर शिट्टी गेलेला कुकर. पुढच्या पाहणीला साहेबांनी नाक दाबून प्रत्येकात डोकावलं. ओलं ओल्यात, सुकं सुक्यात. जागा मला मिळाली.

आज त्याच वॉर्डात मी लोकांना योजना समजावते. योजना ऑफिसात ठरते, डबा घरातली बाई ठरवते. माझ्याही टेबलाखाली वाणातला एक हिरवा डबा आहे. त्यात फरसाण असतं.