नावाड्यापासून लांब

अमर्याद जगातच माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो. हे वचन माझ्या मुलीच्या व्हिडिओ गेमच्या खोक्यावर छापलेलं आहे.

त्या जगात वाटेल तो डोंगर चढता येतो, कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून जेवता येतं, भाजी पिकवून विकता येते. नदीकाठी मात्र एक म्हातारा नावाडी उभा असतो. त्याने सांगितलेलं काम पत्करलं की तो आपल्याला पलीकडे नेतो आणि परतताना लुटारूंच्या हातून मरतो. मृण्मयीने हा खेळ एकदा संपवला आहे. या खेपेला त्याला वाचवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"त्याला सावध कर ना," मी म्हणालो.

"तशी सोयच नाही, बाबा. 'निघूया' नाहीतर 'जरा थांब', एवढंच बोलता येतं."

"मग पोहून जा."

"कमरेच्या वर पाणी आलं की पाय पुढे पडत नाही."

ती पडद्यावरचा घोडा जपून नेत होती, कारण नावाड्याच्या जवळ गेलं की संभाषण आपोआप सुरू होतं. म्हाताऱ्याने ओळखीचा हात हलवला. मला भीती वाटली ती लुटारूंची नव्हती. त्याचं मरण कुणीतरी आधीच रंगवून तयार ठेवलं होतं, आणि ते फक्त आमच्या होकारासाठी खोळंबलं होतं. मीही आयुष्यात बहुतेक वेळा 'निघूया' किंवा 'जरा थांब' एवढंच म्हणत आलो आहे. तेव्हा समोर कोण उभं होतं, ते मी नीट पाहिलेलं नाही.

"मागे फिर," मी म्हणालो. तिने घोडा वळवला.

नावाडी जिवंत आहे. आम्ही अलीकडच्या काठावर कोबी विकतो.