हे कुठे सापडलं तुला?

जाधव बाईंच्या हातात कुठलाही कागद द्या, वाचायच्या आधी त्या विचारणार, "हे कुठे सापडलं तुला?" जणू आपण तो कुणाच्या खिशातून मारून आणलाय. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही तेच. म्हटलं, "अहो बाई, पत्रिका आहे, सापडायचंय काय त्यात!" तर चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं, मग कोणाला दिली नाहीस ते सांग. त्याशिवाय पत्रिका कळत नाही गं." आणि खरंच, धाकट्या आत्याला दिली नव्हती. अशी बाई!

करी रोडच्या आमच्या चाळीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. भोईवाड्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. संध्याकाळी बुद्धविहारात पोरांना घेऊन बसायच्या. पेपरातली एक ओळ फळ्यावर लिहायच्या आणि विचारायच्या, "कोण बोलतंय? कोणाला? आणि त्याच्या आधी काय झालं?" एका ओळीवर अख्खा तास! पोरं वैतागायची, लहानपणी मीही वैतागलेय. त्यावर बाईंचं ठरलेलं, "ओळ म्हणजे नवी शेजारीण. तिचं घर बघितल्याशिवाय तिला नावं ठेवू नयेत."

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा या बोलण्याची किंमत मला कळली. माझे वडील, अण्णा, गोदीतून निवृत्त झालेले आणि चाळीच्या कमिटीवर. बिल्डरचा करार पूर्ण वाचल्याशिवाय सह्या करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. अर्धी चाळ त्यांच्या बाजूने, अर्धी दातओठ खात होती. अशात एका शनिवारी चाळीच्या ग्रुपवर फोटो आला. पिवळा पडलेला कागद, त्यावर लिहिलेलं, 'ही चाळ म्हणजे ढेकणांचं घर. या भाडोत्र्यांना एकदा रस्त्यावर काढलं की मी सुटलो.' अक्षर अण्णांचं. गेटवरचा सूचनांचा फळा वर्षानुवर्षं तेच लिहायचे, त्यांचं अक्षर पोरंटोरंही ओळखत. फोटो टाकला होता तिसऱ्या मजल्यावरच्या दिनेशने. खाली त्याची ओळ, 'बघा आपल्या अण्णांचं खरं रूप.'

मी फोन अण्णांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "अक्षर माझाच आसा," म्हणाले, "पण ह्या मी कधी लिवलंय, माका आठवणा नाय."

"मग सांगा ना सगळ्यांना, खोटं आहे म्हणून!"

"अक्षर माझा आसताना खोटा कसा म्हणू?"

बाहेर गॅलरीत कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "ढेकूण म्हणतो आम्हाला!" आमचं दार दिवसा कधी बंद नसतं. त्या दिवशी अण्णांनी उठून कडी घातली.

रविवारी चौकात सभा. अण्णांना कमिटीतून काढायचं, हा एकच विषय. मागून एकजण तर ओरडला, "त्यांच्या घराशी बोलणंच बंद करा!" अण्णा मान खाली घालून बसलेले. दिनेशने तो कागद सगळ्यांसमोर वाचला. हात वर होणार, इतक्यात बाई काठी टेकत पुढे आल्या.

"दिनेश, हे कुठे सापडलं तुला?"

"बाई, शाळा नका घेऊ आता!" कुणीतरी ओरडलं. बाई ढिम्म.

"घर आवरताना," दिनेश म्हणाला. "बाबांच्या ट्रंकेत."

"तुझ्या बाबांच्या? चाळीबद्दल अण्णांच्या मनात एवढं विष होतं, तर ते लिहून त्यांनी चाळीतल्याच माणसाला कशाला दिलं? आणि तुझ्या बाबांनी ते मरेपर्यंत जपून कशाला ठेवलं?"

दिनेशने कागद उलटून बघितला. "सोबत काय होतं?" बाईंनी विचारलं.

"असलीच आणखी पानं. आणि... एक खोटी मिशी."

जिन्यावर गुडघे चोळत बसलेल्या दिनेशच्या आईने कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे! मेल्या, ही तर ह्यांची नक्कल!"

जुन्या माणसांना झटकन कळलं, पोरांना सांगावं लागलं. माझ्या जन्माच्याही आधी चाळीच्या गणपतीत अण्णा नाटक लिहायचे. प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याची वाक्यं तेवढी उतरवून द्यायचे, तिला म्हणतात नक्कल. त्यात ना पात्राचं नाव, ना समोरच्याचं वाक्य. दिनेशच्या बाबांनी घरमालक केला होता, दुष्ट, मिशाळ. याच वाक्याला याच चौकात शिट्ट्या पडल्या होत्या.

अण्णांनी मान वर केली. डोळे भरून आलेले. मला मात्र असा संताप आला की दिनेशच्या कानाखाली वाजवावी. मीच कशाला, कालपर्यंत अण्णांना शिव्या घालणारे आता त्याच्या अंगावर धावून गेले. बाईंनी काठी आपटली.

"थांबा! आता ह्याचंही एकच पान वाचणार? ह्याची आई रोज गुडघे धरून तीन जिने चढते. नव्या इमारतीतल्या लिफ्टची वाट बघतोय तो. घाईत वाचलं त्याने, तुम्हीही घाईतच वाचलंत."

मला ते मुळीच आवडलं नाही, पण राग गिळला. दिनेश अण्णांच्या पाया पडायला वाकला, तर अण्णा त्याला उठवत म्हणाले, "तुझ्या बापाशीन काय झकास काम केलेल्यान रे!" त्यानंतर कुणी हात वर केला नाही. अण्णा कमिटीवर राहिले.

पुढे बाईंची नजर गेली. दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला जायचे. तेव्हाही, "बातमी कुठल्या पानावर आहे? वर की कोपऱ्यात?" सुटका नाही. गेल्या थंडीत त्या गेल्या. विहारातल्या शोकसभेत त्यांचा भाचा म्हणाला, "शेवटी आत्याही थकली. मी दारात होतो, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाली, 'आता वाचणं पुरे झालं.'" लोक हळहळले. एका पोराने ती ओळ बाईंच्याच फळ्यावर, त्यांच्या फोटोशेजारी लिहिली.

मी उठले. "आधी काय झालं ते कोणी विचारलं का?" भाच्याला म्हटलं, "तुमचा फोन वाजला, तुम्ही गेलात. मी बाईंजवळच होते. दुपार टळली होती, मी वाचतच सुटले होते आणि माझा जेवणाचा डबा तसाच बंद होता."

खडू घेऊन मी त्या ओळीपुढे बाईंचं राहिलेलं बोलणं लिहिलं.

'आधी मुकाट्याने जेव. मग पुढचं पान.'