मोझेसकाकांची बिअर

बोलता बोलता मोझेसकाका मधेच "थांब हं" म्हणायचे आणि काचेच्या भल्या मोठ्या बुधल्याला कान लावायचे. आत बिअर आंबत असायची. बुडबुड्यांचा आवाज ऐकून समाधान झालं, की अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू! सत्तरच्या दशकात ओटावात ते आमचे शेजारी होते. मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. बेसमेंटमध्ये काळी कडू स्टाउट, गव्हाची पांढुरकी बिअर, तांबूस एल, काय काय करायचे! मी सांगलीच्या सोवळ्या घरातली. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा नाकाला पदरच लावला.

"अगो सुमन, तुझं आंबोळीचं पीठ आंबलं तर चालतं, आणि माझे जव आंबले की पाप?" काका म्हणाले. मी नाकावरचा पदर खाली घेतला.

साराकाकूंना अर्धांग होऊन पाच वर्षं झाली होती. डावी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. भरवणं, कूस बदलणं सगळं काकाच करत. तासाभराच्या वर ते घराबाहेर पडत नसत. त्यांची ग्रोसरी आम्ही आणायचो, ड्राइव्हवेवरचा बर्फ माझे यजमान शोव्हल करायचे. बर्फानं निम्म्या खिडक्या बुजल्या की त्या घरात माझा जीव गुदमरायचा. काका म्हणायचे, "घरात अडकायचंच आहे ना, मग अडकवणारा छंदच घ्यावा. म्हणजे कुणाला बोल लावायला नको."

एका जानेवारीत रेवदंड्याहून पत्र आलं. काकांच्या धाकट्या भावाच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि त्याला काकांना एकदा बघायचं होतं.

"काका, तीन आठवडे जाऊन या. काकूंना मी सांभाळते," मी म्हटलं.

"कसा जाऊ? लागर बिअर घातलीय. तिला थंडीत निजवून ठेवावं लागतं, रोज पारा बघावा लागतो. पेसाहच्या सणापर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, हलता यायचं नाही."

"भावापेक्षा ती मेली बिअर मोठी?" काकू पलंगावरून जड जिभेनंही कडाडल्या. काका त्यांची उशी सारखी करत राहिले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली.

पेसाहच्या सणात त्यांच्या घरी जवाचं काही ठेवायचं नसतं. म्हणून दर वर्षी त्यांच्या सगळ्या बाटल्या आठ दिवस माझ्या बेसमेंटमध्ये राहायला यायच्या. त्या वर्षीही मी टोपली घेऊन काकांबरोबर त्यांच्या बेसमेंटमध्ये गेले. बघते तर काय, बुधले कोरडे ठणठणीत! एक बाटली नाही.

"काका, लागर?"

"घातलीच नाही." त्यांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणालाय, दुसरा झटका केव्हाही येईल. मी तिकडे आणि ही इकडे एकटी गेली तर? हिच्यापायी राहिलो हे हिला कळलं, तर अन्न सोडेल गो. त्यापेक्षा बिअरवर चिडू दे. चिडली की दोन घास जास्त खाते."

मला रडूच फुटलं. कुठल्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते!

"डोळे पूस आधी," काका म्हणाले, "आणि वर जाताना टोपली जड असल्यासारखी धर."

सणाच्या चौथ्या दिवशी तार आली. भाऊ गेला होता. मी धावत गेले तेव्हा काका काकूंना पेज भरवत होते.

"बाटलीपायी पाठच्या भावाला मुकलात," काकू जड जिभेनं म्हणाल्या. "शरम वाटायला हवी."

काकांनी चमचा पुढे केला.

"हो गो सारा, चुकलंच माझं. आ कर."