घरजावयाचा नोकरीचा अर्ज

मी नानाजी. माझ्या जन्मात सांगण्यासारखं एवढंच, की मी पाचवा मुलगा होतो आणि आमचं शेत दोन भावांना जेमतेम पुरेल एवढं होतं. केनवडच्या मारोतराव पाटलांना एकुलती एक लेक, पंचफुला. त्यांना घरजावई हवा होता आणि आमच्या घरी एक ताट कमी करायचं होतं. सोयरीक एका बैठकीत जमली. लग्नानंतर नवरी घर सोडून निघते, आमच्यात मी निघालो. आई माझ्या गळ्यात पडून रडली. थोरली वहिनी मात्र बरीच आनंदात दिसली.

घरजावई म्हणजे नेमका काय हुद्दा, हे कळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी मी ‘जवाईबुवा’ होतो, दुसऱ्या वर्षी ‘नानाजी’ आणि तिसऱ्या वर्षापासून ‘कोन हाये रे तिकडे?’ तिकडे नेहमी मीच असायचो. बैल उधळला की मी, गडी रुसून गेला की मी. सासूबाई गोजराबाईंच्या लोणच्याला बुरशी आली तरी मीच, कारण फडताळावरून बरणी काढून देणारा हात माझा होता. छप्पन साली सरकारनं आख्खा वऱ्हाड मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला. एवढा मोठा मुलूख हलला, पण मी काही सासऱ्याच्या ओसरीवरून हललो नाही.

मी फार दुःखात होतो म्हणालो तर खोटं होईल. दोन वेळचं जेवण आणि दुपारची झोप मिळाली की माझा स्वाभिमानही माझ्याबरोबरच घोरायला लागतो. निघायचं होतं ते पंचफुलाला. पंचमीला गावच्या साऱ्या लेकी माहेरी यायच्या. आयांच्या गळ्यात पडायच्या, झोके घ्यायच्या, सासूची उणीदुणी काढून मन मोकळं करायच्या. पंचफुला त्यांच्यात जाऊन बसायची आणि लवकरच उठून यायची. सासूला नावं ठेवावीत, तर तिच्या घरात एकच सासू होती आणि ती माझी होती.

“साऱ्याइले माहेर हाये, मलेच नाही,” एका पंचमीला ती मला म्हणाली. माहेरातच बसून हे म्हणणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मी हसलो. ती रडायला लागली, तेव्हा कळलं की हसायला नको होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी बाजारातून एक बातमी आणली. रिसोडच्या डाकबंगल्यावर चौकीदार पाहिजे होता आणि बंगल्यामागं त्याला राहायला एक खोली होती. आणली ती आणली, वर बायकोला सांगितली. तिनं दुसऱ्याच दिवशी माझं धोतर धुऊन मला वाशीमला पिटाळलं.

वाशीमला कचेरीसमोर, निंबाखाली, इंद्रभान लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसायचा.

“याच्या पयले कोठी नोकरी केली?” त्यानं विचारलं.

“कोठीच नाही.”

“मंग इतके वर्सं काय करून राह्यले?”

“घरजावई हावो.”

त्यानं टाक खाली ठेवला आणि मयताच्या घरी बोलतात तसा आवाज हळू केला. “नोकऱ्या लिहाले गेलो तं कागद कोरा राह्यते. नोकऱ्या सोडून देऊ. तुमाले येते काय काय, ते सांगा.”

“काहीच येत नाही.”

“सासरा बोलते तवा काय करता?”

“आयकतो.”

“उलटून नाही बोलत?”

“ते कायले?”

इंद्रभान लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, “वरिष्ठ रागावले असता अर्जदार शांत राहतो.” मग पुढचा प्रश्न. “घरी पाव्हने आले तं कोठी बसता?”

“दिसनार नाही, पन हाक मारली तं आयकू येईन, अशा जागी.”

“वा! सासरा म्हनते खिडकी उघड, सासू म्हनते लाव. मंग?”

“अर्धी उघडतो.”

तो खूश झाला. “दोन साहेबांचे हुकूम परस्परांविरुद्ध गेल्यास अर्जदार दोघांचाही मान राखतो,” असं त्यानं घोटून लिहिलं. पाहुण्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायची माझी सवय त्यानं ‘अल्पसंतुष्ट’ या एका शब्दात बसवली. शेवटी पूर्ण अर्ज वाचून दाखवला. तो ऐकताना मला भरून आलं. असा माणूस मला कुठं भेटता, तर मीच त्याला चाकरीला ठेवून घेतला असता.

बांधकाम खात्याच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “अनुभव चांगला दिसतो. हा कुणाकडचा?”

“केनवडच्या मारोतराव पाटलांकडचा, साहेब.”

“पगार काय देत होते?”

“पगार नव्हता.”

“मग काय देत होते?”

“त्यांची मुलगी दिली होती साहेब. कामाला लागायच्या आधीच.”

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी विचारलं, “मग असं घर सोडता कशाला?”

खोटं चटकन सुचलं नाही, म्हणून खरं सांगितलं. “बायकोला माहेर पाहिजे, साहेब.”

साहेब हसायचे थांबले. “जागा तुमची,” ते म्हणाले. “फक्त चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणा. तुमच्या गावच्या पाटलाच्या सहीचा.”

आमच्या गावचे पाटील म्हणजे माझे सासरे. वाशीमहून केनवडला परत येईपर्यंत मी तीनचार भाषणं तयार केली, आणि ओसरीवर चढल्यावर, साहेबांनी ‘पाटलाचा दाखला आणावा’ असं लिहून परत दिलेला अर्ज नुसताच त्यांच्या पुढ्यात ठेवला.

मारोतरावांनी तो वाचला. “पाटलाच्या जवायानं साहेबाचे जोडे उचलाचे?” त्यांचा आवाज गोठ्यापर्यंत गेला असावा, कारण बैलांनी माना वर केल्या.

“लोकं म्हनतीन, पाटलानं लेकीले घराबाहीर काढलं,” गोजराबाईंनी भर घातली.

मी अर्जात लिहिल्याप्रमाणे शांत राहिलो. पंचफुला आतून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“बाबा, मले माहेर पाह्यजे.”

“मंग हे काय हाये?”

“हे तं घर हाये. मी कोठी गेलीच नाही, तं माहेरी येऊ कशी?”

म्हातारा उठला, पागोटं घेतलं आणि शेताकडे निघून गेला. नोकरी बुडाली हे मी ओळखलं आणि नेहमीच्या जागी, म्हणजे दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसलो. पंचफुला चुलीपाशी होती, पण भाकरीचा आवाज येत नव्हता. दिवेलागणीला मारोतराव परतले, दौत मागितली आणि कागदावर दोन ओळी खरडून कागद माझ्याकडे सरकवला. पंचफुलाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचला. “इसम इमानी आहे. घरी ठेवण्यासारखा आहे.” दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत हे तोंडानं सांगितलं असतं, तर मी कदाचित गेलोही नसतो.

आम्ही रिसोडला राहायला गेलो. खोली लहान होती, पण पंचफुला ती दिवसातून कितीदा झाडायची ते विचारू नका. मी साहेबलोकांच्या खिडक्या अर्ध्या उघडायचो आणि सगळे खूश असायचे. श्रावण लागला तशी मात्र ती झाडता झाडता थांबून रस्त्याकडे पाहू लागली. लेकीला माहेरी न्यायला कुणीतरी यावं लागतं, आपण होऊन जायचं नसतं. मारोतराव येतील असं मला वाटत नव्हतं, आणि तिला तसं सांगायची हिंमतही मला नव्हती.

पंचमीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, फाटकाशी बैलांची दमणी थांबली. मारोतराव उतरले. मोठं पागोटं, धुतलेलं उपरणं आणि घामानं निथळलेलं अंग. आमच्या खोलीसमोर आले आणि परक्यासारखे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पंचफुला धावत आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी हात पुढं केला नाही. “लेकीच्या घरचं पानी बाप पेत नसते, बाई,” ते म्हणाले. “नातू होऊ दे, मंग पेईन.”

मग माझ्याकडे वळले. “सरकारची विहीर कोठी हाये?”

मी त्यांना विहिरीवर नेलं आणि बादली ओढली. तांब्यातलं पाणी सकाळी याच विहिरीतून मीच भरलं होतं, पण ते सांगितलं नाही. म्हातारा ओंजळ धरून घटाघटा प्यायला. मी वरून धार धरून होतो, आणि मला समोरचं नीट दिसेना.

पंचफुला तांब्या तसाच छातीशी धरून मागं येऊन उभी राहिली होती. ती रडत होती आणि तिला हसूही आवरत नव्हतं.

“आयकलं काय?” ती मला म्हणाली. “बाबा आपल्या घरचं पानी पेले नाहीत!”