ट्यूबमधली हवा

नांदेडच्या त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. रेकॉर्ड प्लेअरचा भाव मी तासभर घासून खाली आणला, तर त्यानं माझ्या डोळ्यांदेखत खालचे चारही रबरी पाय काढून घेतले. वर म्हणाला, "ह्या भावात पाय येत न्हाईत, मालक."

"मशीन काय चालत जाणाराय का?" असं म्हणून मी तावातावानं ते उचललं आणि एसटीत मांडीवर घेऊन लातूरला आलो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेबांच्या जीपा आणि खडीचे ट्रक दिवसभर आमच्या खिडकीखालून जायचे. त्यात दुष्काळ, म्हणून सकाळी पाण्याचा टँकर. टँकर आला की जमीन हादरायची, टेबल हादरायचं आणि सुई टुणकन उडून तबकडीवर ओरखडा काढायची. तबकडी सनईची, बायकोच्या वडिलांची. ते गेल्यावर किनवटहून तिनं तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. तशी दुसरी मी बाजारात शोधली, मिळाली नाही.

"आणखी दोन ओरखडे पडले की संपलं," ती म्हणाली. "पाय घेतले असते तर?"

हे मला झोंबलं. मी खाली गोधडी घातली, मशीन एका बाजूला कललं. खोडरबर ठेवले, ते दबले. शेवटी स्कूटरची जुनी ट्यूब आणली. तिच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर मशीन ठेवायचं, असा बेत.

सायकलवाला म्हणाला, "थोडीच भरतो, मालक. मऊ राहू द्या."

"पैसे पुरे घेतोस ना? मग हवा पुरी भर!"

त्यानं टम्म भरून दिली. नुसती जीप गेली तरी फरशी थरथरू लागली. तबकडी लावायची माझी छाती होईना.

बायकोनं मला बाजूला केलं, वॉल्व्हची पिन दाबली आणि निम्मी हवा सोडून दिली.

"अगं, पैसे दिलेत त्या हवेचे!"

"मंग घ्या की हुंगून."

दुसऱ्या दिवशी टँकर यायच्या वेळेलाच तिनं तबकडी लावली. टँकर आला. भिंतीवरचा आरसा खडखडला, पण सुई जागची हलली नाही. आम्ही दोघं श्वास रोखून सुईकडे बघत बसलो. सनई शेवटपर्यंत वाजली. ती पदर डोळ्यांना लावून हसत होती.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "वैनी, टँकर गेला की! तुमच्या घागरी तशाच रिकाम्या. आता काय सनई पिता का?"

मग त्याच म्हणाल्या, "एक हंडा न्या आमच्यातला."

"दोन द्या," मी म्हणालो.

"दोन पायजेत तर दुसरी बाजू लावा. मलाबी ऐकू द्या."

दुसरी बाजू लावली. दोन हंडे आले. मी एवढी घासाघीस करूनही काकूंनी मात्र कसलेही पाय काढून घेतले नाहीत.