अकरा वर्षांच्या बाटलीत ओलं बारदान

अन्याय माझ्या आत्यावर झाला. पौषातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, जळगावातल्या एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर. मिनिटं सांगते, कारण मी पत्रकं लिहिते, आणि पत्रकात वेळ नसली की समोरचा पहिल्यांदा म्हणतो, असं काही घडलंच नाही. घडलं. एका माणसानं आत्याच्या हातातला कागद घेतला, लाल पेनानं तिची ओळ खोडली, आणि तिचा ग्लास एकदाही न हुंगता पुढच्या टेबलाकडे गेला.

ग्लासात रेड वाइन होती. अकरा वर्षं बाटलीत मुरलेली.

आता तुम्ही विचाराल, डाळ मिलमधून घरी बसवलेली बाई आणि त्याच मिलमधल्या बायकांसाठी पिण्याच्या पाण्याची टाकी मागत फिरणारी तिची भाची, या दोघी तिथे काय करत होत्या? आमची पत्रकं ज्या छापखान्यात छापतात, तिथेच या कार्यक्रमाची कार्डं छापली होती. छापखानेवाल्या भाऊंना दोन पास मिळाले. वहिनींनी कार्डावरचा बाटलीचा फोटो पाहिला आणि विषय संपला. पास माझ्याकडे आले. मी धुळ्याला, देवपुरात, आत्याला फोन केला. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तिनं एवढंच विचारलं, चाखायचं म्हणजे गिळायचं की थुंकायचं? मी म्हटलं, थुंकायची सोय आहे असं कार्डावर लिहिलंय. मग येते, म्हणाली. सकाळच्या एसटीनं धुळ्याहून आली, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन. ती स्टँडवरच जेवली. मी मात्र घाईत फक्त चहा घेतला. ही चूक पुढे मला भोवली.

आत्यानं उभी हयात जळगावात तूर चाखण्यात घालवली. ट्रकमधून पोती उतरली की टोकदार सळई पोत्यात खुपसायची, मूठभर तूर काढायची, चार दाणे दाताखाली फोडायचे, जिभेवर फिरवायचे, थुंकायचे आणि सांगायचं: कोरडी, ओलसर, जुनी, भेसळ. तिच्या शब्दावर ट्रक आत यायचा किंवा परत जायचा. मग मिलमध्ये रंग ओळखणारं यंत्र आलं. मालक म्हणाला, कॅमेरा तुमच्यापेक्षा बारीक बघतो. आत्या म्हणाली, कॅमेऱ्याले नाक नही. महिन्याभरात तिचं स्टूल हललं. तेव्हापासून तिला कोणी काही चाखायला दिलं नव्हतं. म्हणून ती आली होती, वाइनसाठी नव्हे. कोणीतरी पुन्हा एकदा कागद पुढे करून विचारणार होतं की बाई, तुम्हाला काय वास येतो?

हॉलमध्ये सगळे केस विंचरून बसलेले. सराफ, डॉक्टर, पाइपांचे कारखानदार, दोनचार जोडपी. प्रत्येकापुढे एक छापील कागद आणि त्यावर चार चौकटी: रंग, वास, चव, शेवट. टेबलाटेबलाला एक स्टीलची बादली. पुण्याहून आलेले तज्ज्ञ साहेब माइकवर म्हणाले, तोंडात फिरवा, थुंका, गिळू नका, एकूण सहा वाइन आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी गिळली. बरोबरच आहे. आमच्या खानदेशात यजमानानं दिलेलं तोंडातून बाहेर काढणं म्हणजे त्याच्या दारात भांडण काढण्यासारखं. साहेबांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या ग्लासाला हॉल गप्प होता. दुसऱ्याला कोणीतरी केळीचे वेफर्स मागवले. तिसऱ्याला एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरची जाहीर माफी मागत होता आणि दोघांनाही कारण आठवत नव्हतं.

थुंकत होती ती एकटी माझी आत्या. बारीक, सरळ धार, आवाज नाही, बाहेर थेंब नाही. साहेब बोलता बोलता थांबले आणि बघत राहिले. असं थुंकणं त्यांनाही जमत नसावं. मी थुंकायला गेले तेव्हा माझ्याच पंजाबी ड्रेसवर जांभळा नकाशा उमटला. मग मीही गिळायला लागले, आणि तिसऱ्या ग्लासानंतर मला सगळी माणसं फार चांगली वाटू लागली, कारखानदारसुद्धा.

चौथी वाइन म्हणजे ती अकरा वर्षांची. तिच्या दोनच बाटल्या होत्या. एक पुढच्या टेबलांना, एक मागच्यांना. आम्ही मागे. साहेबांनी स्वतः पुढच्या बाटलीतली घेतली, डोळे मिटले आणि माइकवर सांगू लागले: ब्लॅककरंट, देवदार, सिगारची पेटी, जुनं चामडं. हॉलभर पेनं चालू झाली. आता मला सांगा, ब्लॅककरंट आम्हाला आईस्क्रीमच्या गाडीपलीकडे कुठे भेटलंय? देवदार तापीकाठी उगवतो का? पण मागच्या टेबलांवर सगळ्यांनी लिहिलं, देवदार. मीही लिहिलं. मोर्चात सर्वांत पुढे असणारी मी, समोरचा ग्लास नाकाला न लावता, माइकवरचं ऐकून लिहून बसले.

आत्यानं ग्लास नाकाजवळ नेला आणि झटकन खाली ठेवला. पुन्हा नेला. मग बॉलपेन मुठीत धरून तिनं 'वास'च्या चौकटीत लिहिलं: ओलं बारदान. बारदान म्हणजे रिकामी गोणपाटाची पोती. त्यांना एकदा पाणी लागलं आणि ती घडी करून कोपऱ्यात पडली, की ती जो कोंदट, कुबट वास धरतात, तो तुरीत उतरतो आणि पॉलिश केल्यावरही जात नाही. या एका वासावर तिनं कितीतरी ट्रक परत लावले होते.

साहेब टेबलाटेबलानं कागद बघत आले. तिचा कागद वाचला आणि हसले.

"मावशी, वाइनमध्ये पोतं नसतं."

"नही पाहिजे म्हनीसनच सांगस, भाऊ," आत्या म्हणाली. "बठ्ठा गलास फेकी द्या."

सगळे ग्लास फेकून द्या म्हटल्यावर ते आणखी हसले. त्यांच्याबरोबर आमचं टेबल हसलं, मागचं हसलं. साहेबांनी लाल पेन काढून ओळ खोडली, बाजूला लिहिलं 'असंबद्ध', आणि म्हणाले की वाइनला जरा हवा लागू द्या, मग फळं कळतील. आत्यानं कागद उलटा केला आणि त्यावर हात ठेवून बसली. स्टूल हललं त्या दिवशी ती अशीच बसली होती, हे मला माहीत आहे, कारण तेव्हा शेजारी मी होते.

मी उभी राहिले. हॉलमधलं झुंबर थोडं डावीकडे गेलं आणि परत आलं. मी म्हटलं, जाहीर निषेध. आवाज अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. सगळे वळले, आणि त्या क्षणी डोक्यातलं सगळं उडालं. तोंडाला सवय तीच, ते आपोआप सुरू झालं: आमच्या प्रमुख मागण्या. आणि पहिली मागणी बाहेर पडली ती पिण्याच्या स्वच्छ पाण्याची. वेटर बिचारा धावत पाण्याचा जग घेऊन आला. एवढ्या वर्षांच्या चळवळीत इतक्या लवकर मान्य झालेली माझी ही एकच मागणी. मला हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसता मी ओरडत होते की त्यांनी तिचा ग्लास हुंगलासुद्धा नाही, हुंगलासुद्धा नाही.

शेजारी एक पांढऱ्या मिशांचे सराफ बसले होते. मघाशी तेही हसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत्याच्या उलट्या कागदाकडे बघितलं.

"ताई, बसा. कस लावल्याशिवाय आम्ही अंगठीपण घेत नाही," ते म्हणाले, उठले, पहिल्या रांगेत बसलेल्या मेहुण्याचा अर्धा ग्लास त्याच्या हातातून काढून घेऊन आले आणि आत्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. एक हुंगला. दुसरा हुंगला. परत पहिला. मग त्यांनी स्वतःच्या कागदावरचा देवदार बघितला आणि कागद घडी करून खिशात घातला.

"अक्का खरं सांगताहेत. हे दोन वेगळे माल आहेत."

आत्यानं मेहुण्याचा ग्लास आपल्याकडे ओढला. पुढचं मी नीट सांगणार आहे, कारण माझ्या आठवणीत ती वाइन अजून तोंडात आहे.

रंग मधोमध जांभळाच्या सालीसारखा काळपट लाल. ग्लास तिरका केला की कडेला विटकरी, उघड्यावर राहून जुन्या झालेल्या विटेचा. आत्या म्हणाली, वय कडेला दिसतं, तुरीचंही तसंच. वास पहिल्यांदा फळाचा नव्हताच. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भरताची वांगी भाजून झाली, सगळे जेवायला वळले, आणि मागे जो विझत आलेला धूर उरतो, तो. त्याच्याखाली जांभूळ, पण ताजं नाही, पदराला पुसून वाळलेलं. मग बरणीच्या तळाशी काळा पडलेला चिंचेचा गोळा. तोंडात घेतल्यावर दोन्ही गालांना आतून हलकी ओढ, तुरीचं टरफल चावल्यासारखी. मी म्हटलं, कच्च्या केळीची साल. आत्या म्हणाली, दहा वर्षांपूर्वी तशी असेल, आता ती मऊ पडलीय, धुऊन धुऊन सुती लुगडं पडतं तशी. दोषही तिनंच काढला. मधे पोकळ आहे. सुरुवात चांगली, शेवट चांगला, मधे घर रिकामं. दोन वर्षं आधी फोडायला हवी होती. जास्त राखली.

आणि शेवट? शेवट लांब. धूर परत आला, मग मिऱ्याची चुणूक, मग काहीच नाही, मग पुन्हा चिंच. मी वाट बघत होते की ती बादली कधी ओढते. तिनं बादली ओढली नाही. उभ्या हयातीत नमुना न गिळलेल्या बाईनं तो घोट गिळला, सराफांकडे बघून लाजली, आणि दुसरा घेतला. मग आम्ही दोघी हसत सुटलो. मेहुणा पुढून आपल्या ग्लासाची चौकशी करत होता, आणि त्याला उत्तर द्यायला कोणालाच वेळ नव्हता.

एवढ्यात साहेब आले. त्यांनी दोन्ही ग्लास हुंगले. त्यांचा चेहरा पडला, आणि हे मी त्यांच्या बाजूनं सांगते की त्यांनी लपवलं नाही. माइकवर जाऊन म्हणाले की मागच्या टेबलांची बाटली खराब निघाली, बुचाचा वास उतरलाय, कृपया पिऊ नका. टाळ्या पडल्या. परत येऊन म्हणाले, मावशी, काय नाक आहे तुमचं. आत्यानं कागद सुलटा करून पुढे केला. त्यांनी खोडलेल्या ओळीखाली लिहिलं: 'बुचाचा दोष'. लाल रेघ तशीच.

मी म्हटलं, तिचा शब्द खोडलाय, तो परत लिहा. ते म्हणाले, अहो, अर्थ तोच आहे.

"अर्थ तोच शे, ते मग खोडं कसाले?" आत्यानं विचारलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पाचवी वाइन वाट बघत होती. कागद गोळा करायला माणूस आला, या सगळ्या नोंदींची छोटी पुस्तिका निघणार होती म्हणे. आत्यानं तिचा कागद दिला नाही. पुस्तिका निघाली, भाऊंच्याच छापखान्यात, मी पाहिली. त्या वाइनपुढे ब्लॅककरंट आहे, देवदार आहे, आणि मागच्या टेबलांनी या चवीला 'एकमतानं दुजोरा' दिल्याचं आहे. खराब बाटलीचा उल्लेख नाही. बारदानाचा तर नाहीच.

तो दुजोरा तुम्ही दिला. त्या दिवशी मागे बसलेले सगळे तुम्ही, आणि माझी सहीही त्यात आहे, म्हणून बोलते. माझ्या कागदावरचा देवदार मी छापखान्यात बसून खोडला आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: ओलं बारदान. आता तुमची पाळी. तुमचे कागद भाऊंकडे गठ्ठ्यात पडून आहेत. जा, आपापला काढा, देवदार खोडा, आणि त्या दिवशी तुमच्या नाकाला खरोखर जो वास आला होता तो लिहा. आणि जे त्या हॉलमध्ये नव्हते त्यांनी, आज संध्याकाळी ताटात पहिला घास येईल तेव्हा, कोणी काही सांगायच्या आत, तो आधी हुंगावा.